शेंड्यांवरची साखर

आपण नॉर्मल नाही हे मला एका मंगळवारी, सकाळच्या चहाच्या आधी, यंत्राच्या पडद्यावर कळलं. घरच्यांना ते बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं, पण त्यांच्याकडे पुरावा नव्हता. पडद्यावर डोंगर असतात. म्हणजे एक रेघ असते, ती चढते, उतरते, पुन्हा चढते, आणि प्रत्येक चढ म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली एकेका जातीची साखर. माझे डोंगर मला पाठ आहेत. सकाळी दाढी करताना माणूस आरशात स्वतःचं तोंड बघतो म्हणजे खरं तर बघत नाही. आहे ना जागेवर, एवढंच तपासतो. रक्ताचे नमुने खळग्याखळग्यांत भरायची आमची प्लेट असते, तिच्या डाव्या कोपऱ्यातल्या खळग्याची रेघ मी इतकी वर्षं तशीच तपासत आलो. पहिला डोंगर बुटका, मधले दोन उंच, शेवटचा बेताचा. त्या दिवशी पहिला डोंगर उंच होता आणि शेवटचा खाली बसला होता. मी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. चष्मा स्वच्छ झाला. डोंगर होते तसेच राहिले.

कोपऱ्यातल्या खळग्यात माझं रक्त असतं. आमच्याकडची ती रीत आहे. रोज प्लेटवर अनोळखी माणसांचं रक्त भरायचं आणि त्यांच्या साखरा मोजायच्या, तर त्यात एक तरी रक्त असं हवं की ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे. म्हणजे यंत्र बिघडलं, एन्झाइम शिळं झालं किंवा माणसाचा हात चळला, की त्या एका रेघेवरून लगेच कळतं. कापडाच्या दुकानात गज असतो तसं. फार वर्षांपूर्वी मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, असा गज शोधायला सगळ्या खोलीभर नजर फिरवली. एकजण पीत होता, एकीला थायरॉइड होतं, एकाला रक्त बघून चक्कर यायची, आणि तरी तो याच धंद्यात का होता हे कुणी विचारलं नव्हतं. मी आजारपणाची रजा कधीच घेतली नव्हती. त्यामागचं कारण घरी बसणं परवडत नव्हतं असं नाही, घरी बसणं सोसत नव्हतं असं होतं. पण मॅडमना आकडे दिसतात, कारणं दिसत नाहीत. मी बाही वर केली. तेव्हापासून दर काही वर्षांनी माझं रक्त काढतात, मीच ते तयार करतो, इवल्याइवल्या नळ्यांत भरतो आणि खोल थंडीत ठेवून देतो. माझ्याशी ताडून बघून आजवर कितीतरी माणसं आजारी ठरली. घरी हे सांगितलं तेव्हा बायको बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "तू नॉर्मल? त्या यंत्राला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आण."

नातेवाइकांना माझं काम म्हणजे शुगर तपासणं वाटतं. लग्नाकार्यात कोपऱ्यात घेऊन विचारतात, माझी एवढी आहे, भात सोडू का. मी पूर्वी समजावून सांगायचो की ही ती साखर नव्हे. रक्तात प्रथिनं असतात, त्या प्रथिनांवर साखरेच्या लहानलहान फांद्या उगवलेल्या असतात, आम्ही त्या फांद्या छाटून मोजतो. समोरचा मान डोलवायचा आणि विचारायचा, पण मग भाताचं काय. हल्ली मी सोडा म्हणतो. भात सोडून आजवर कुणी माझ्यावर रागावलेलं नाही.

पण त्या फांद्यांचं प्रकरण असं आहे की निरोगी माणसाच्या फांद्यांना शेंड्यावर एक विशिष्ट साखर असते, आणि काही आजारांत ते शेंडे कमी होत जातात. फांदी बोडकी राहते. बोडक्या फांद्यांचा डोंगर म्हणजे पडद्यावरचा पहिला डोंगर. वयानंही तो थोडा वाढतो, केस पांढरे व्हावेत तसा. पण जेव्हा शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडायला लागतं तेव्हा तो चांगलाच वाढतो, आणि कधीकधी सांधा दुखायच्या कितीतरी वर्षं आधी वाढतो. आमच्याकडे सध्या तेच काम चालू आहे. सांध्यांच्या रुग्णांचं रक्त, खोकेच्या खोके. त्यामुळे हा आकार मी रोज बघत होतो. दुसऱ्यांच्या खळग्यांत. चेहरा ओळखीचा होता, फक्त आज तो माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसला होता.

मी शंकासुराला हाक मारली. शंकासुर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. उकळत्या पाण्याचंही तापमान मोजून बघतो म्हणून आम्ही त्याला हे नाव ठेवलेलं. तो चहाचा कप घेऊन आला, नियम आठवून कप बाहेर ठेवून आला, आणि पडद्यासमोर वाकला.

"कुणाचं हे?"

"कोपऱ्यातलं."

"कुठला कोपरा? प्लेट उलटी लावली असशील."

ही चूक फक्त आमच्याच धंद्यात होते. प्लेट चौकोनी, खळगे सगळे सारखे. अर्धी गिरकी देऊन उलटी ठेवली तरी तितकीच चपखल बसते आणि पहिला माणूस शेवटचा होतो, शेवटचा पहिला. म्हणून तिचा एक कोपरा छाटलेला असतो. शाळेत आमचे एक मास्तर मठ्ठ मुलाच्या मनगटाला दोरा बांधायचे, उजवा हात कळावा म्हणून, तसं. उलटी असू दे, मनात म्हटलं. आम्ही दोघांनी छाटलेला कोपरा बघितला, यंत्रातली जागा बघितली, समोरच्या टोकाच्या खळग्याची रेघ बघितली. ती माझी नव्हती. कुणा बाईची होती, तिचे डोंगर माझ्याहून वेगळे आणि माझ्याहून बरे होते.

"सुलटी आहे," शंकासुर म्हणाला. त्याची शंका फिटली की तो उदास होतो. "मग नळी बदलली असेल. ही नव्या रक्ताची पहिलीच प्लेट ना?"

होती. जुनं रक्त संपत आलं होतं, मोजक्याच नळ्या तळाशी उरल्या होत्या, आणि मधल्या काळात नवं काढलं होतं. म्हणजे माझ्या दोन रक्तांच्या मध्ये काही वर्षं होती, आणि त्या वर्षांत मी थेंब उचलायच्या पिपेटचं बटण दाबत बसलो होतो, बाकी काही केलेलं मला आठवत नव्हतं. "नळी बदलली असेल," मीही म्हणालो. माझ्या आवाजात एवढा आनंद होता की शंकासुरानं वळून बघितलं.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे आणि ती मेणाचे दात कोरून बसवायची, एकेक, सुळ्याला सुळ्याचा बाक, दाढेला दाढेच्या खळग्या. शहरातले निम्मे म्हातारे ताईच्या दातांनी हसायचे. रस्त्यात कुणी हसलं की ती मला कोपरानं ढोसायची आणि हळूच म्हणायची, "वरचे माझे." मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला तिची लाज वाटायची. मग एकदा तिच्या हातातून कोरणी पडली. मग पुन्हा पडली. मालक म्हणाला, लक्ष कुठंय तुझं. घरी आई म्हणाली, लक्ष कुठंय हिचं. ताईचं लक्ष कोरणीकडेच होतं, पण बोटांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पुढं तिची बोटं अंगठ्यापासून लांब, एकाच बाजूला कलत गेली, एका दिशेनं वारं येणाऱ्या माळावरचं गवत कलतं तशी. संधिवात हे नाव कळेपर्यंत फार उशीर झाला होता. तेव्हा आम्ही सगळे लक्ष शोधत होतो.

दुपारी मॅडमनी बोलावलं. मॅडमच्या टेबलावर काचेखाली कुटुंबाच्या फोटोऐवजी एक जुनी रेघ आहे, पहिल्यांदा नीट आलेली. नवी रेघ त्यांच्या पडद्यावर होती. त्यांनी ती माझ्याआधी बघितली होती, हे त्यांनी बसा म्हणण्याआधी खुर्ची पुढं केली त्यावरून कळलं. एरवी आम्ही उभ्यानं बोलतो.

"त्या दिवशी नेमकं काय काय झालं, आठवून बघा," त्या म्हणाल्या. "नव्या रक्ताच्या दिवशी."

मी आठवू लागलो. त्या दिवशी पाहणी करायला बाहेरची समिती आली होती. सिस्टरनं रक्त काढलं, नळी मी स्टँडमध्ये गोठायला ठेवली, आणि तेवढ्यात मला खुर्च्या उचलायला बोलावलं, कारण समितीत एक माणूस जास्त आला होता आणि मोठ्या हुद्द्याच्या माणसाला उभं ठेवता येत नाही. परत आलो तेव्हा रक्त गोठून बराच वेळ झाला असावा. स्टँडमध्ये रुग्णांच्याही नळ्या होत्या. नावाची चिकटपट्टी मी आधी लावली की नंतर? नंतर लावली असावी. नंतरच लावली. आठवत गेलो तसतसा मी अधिकाधिक निष्काळजी होत गेलो. इतक्या मनापासून स्वतःला दोषी ठरवायचा प्रयत्न मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही केला नव्हता. मॅडम ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "रक्त थोडं जास्त वेळ राहिलं म्हणून हे शेंडे जात नाहीत. तुम्हालाही माहितेय."

माहीत होतं. हयगयीनं गळते ती अगदी बाहेरची, आंबटशी एक साखर. ती जरा ऊब लागली तरी रुसून निघून जाते. ही तिच्या आतली. ही हयगयीला दाद देत नाही. उरली फक्त नळ्यांची अदलाबदल. म्हणजे माझ्या नावाच्या नळीत कुणा रुग्णाचं रक्त, आणि त्या रुग्णाच्या नावावर माझं. कुणीतरी एक माणूस, आखडलेल्या बोटांनी शर्टाची बटणं लावत बसलेला, आणि आमच्या कागदावर ठणठणीत. माझी तब्येत नीट राहायची तर त्याचा घोटाळा व्हायला हवा होता. मी त्याला तयार होतो. मला त्याचं वाईटही वाटत होतं, पण ते असं, बसमध्ये आपल्याला जागा मिळाल्यावर उभ्या म्हाताऱ्याबद्दल वाटतं तेवढं.

"आजच्या आज पुन्हा रक्त द्या," मॅडम म्हणाल्या. "अर्धं तुम्ही तयार करा, अर्धं तुमच्या शेजारच्या टेबलवाल्यांना करू द्या. शेजारी जुनी नळी लावा. दोघांचं जुन्याशी जुळलं, तर त्या दिवशी नळी बदलली, एवढंच. दोघांचं एकमेकांशीच जुळलं नाही, तर कुणाचा तरी हात चुकतोय. आणि दोघांचं एकमेकांशी जुळलं आणि जुन्याशी नाही जुळलं..." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तर मग बघू."

जिन्यावरून खाली येताना मला या सगळ्याची मांडणी नीट दिसली. इतकी वर्षं माझा एकच अभिमान होता, हाताचा. कविता नाही, गाणं नाही, घर बांधलं नाही. पण डोळ्यांना दिसणार नाही एवढा थेंब उचलून दिसणार नाही एवढ्या जागी ठेवायचा, तर ते काम माझ्यासारखं कुणी करत नव्हतं. आता हा हात चुकला असेल तर वाचला. बरोबर असेल तर जाणार. सांध्यांचं भांडण सुरू झालं की ते बोटांपासून सुरू होतं, ताईचं झालं तसं, आणि ते घराण्यात असतं. जगात दुसऱ्या कुठल्या माणसाला आपण कामचुकार निघावं अशी प्रार्थना करावी लागत असेल असं वाटत नाही. मोठ्या पगारावर असे लोक आहेत, पण त्यांना प्रार्थनेची गरज पडत नाही.

सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. "मूठ वळा." मी वळली. "घट्ट." मी घट्ट केली आणि मुठीकडे बघत राहिलो. चार उंचवटे, पांढरे पडलेले. तीन सारखे होते, एक जरा भरलेला वाटत होता. की उजेडच तसा पडला होता? "अहो, सोडा आता मूठ," सिस्टर म्हणाली. "माझ्यावर उगारताय का?" नळी भरत होती. रक्ताचा रंग कुठल्याही माणसाच्या रक्तासारखा होता, आणि मला वाटलं, इतक्या वर्षांत आपण एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही, थेट शेंडे मोजायला गेलो.

मग काम. शंकासुरानं त्याचा वाटा उचलला आणि पाठ करून बसला. एकमेकांचं बघायचं नाही असं ठरलं होतं, परीक्षेतल्यासारखं. रक्त गोठू द्यायचं, हलवायचं नाही. मग गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवायचं, समोरच्या भोकात तेवढ्याच वजनाची पाण्याची नळी, नाहीतर यंत्र टेबलावरून चालू लागतं. फिरून थांबलं की खाली लाल गठ्ठा, वर वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी. तेच आमचं. ते वरच्यावर उचलायचं, लालाला धक्का न लावता. त्यातून नेमकी हवी ती प्रथिनं धरून ठेवणाऱ्या खळग्यांतून ते जाऊ द्यायचं; बाकी सगळं धुऊन टाकायचं, आणि मग आम्लाचा एक थेंब, की धरलेलं सुटतं. पुढं प्रथिनाला गरम करून उलगडायचं, त्याच्या सगळ्या घड्या मोडायच्या, म्हणजे एन्झाइमला फांदीच्या बुंध्यापर्यंत पोचता येतं. एन्झाइम रात्रभर अंगाच्या उबेत ठेवलं की फांद्या छाटून मोकळ्या करतं. हे सगळं मी झोपेत करू शकतो असं म्हणायची माझी पद्धत होती. त्या दिवशी मी टक्क जागा होतो, आणि प्रत्येक पायरीवर मला तिच्या शेजारी असलेली चूक दिसत होती, जिन्याला कठडा नसल्यासारखी. आम्ल जरा जास्त. उष्णता जरा जास्त. एखादा खळगा चुकून दोनदा, एखादा चुकून कोरडा. मी थोडा ढिसाळपणा केला तर माझी रेघ शंकासुराच्या रेघेशी जुळणार नाही. मॅडम म्हणतील, हात चुकतोय. पुन्हा करा म्हणतील. पुन्हा केलं की पुन्हा चुकता येईल. माणूस असा निवृत्तीपर्यंत चुकत जाऊ शकतो, आजूबाजूला उदाहरणं होती. मी आम्लाच्या बाटलीत पिपेटची टीप बुडवली आणि अंगठ्याला म्हटलं, जास्त घे. बटणाला दोन टप्पे असतात, पहिल्यावर थांबलं तर बरोबर, पुढं दाबलं तर जास्त. अंगठा पहिल्या टप्प्यावर थांबला. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा तिथंच थांबला. त्याला माझं म्हणणं पटलं नाही. शाळेत माझा एक मित्र होता, त्याला कॉपी करायची संधी असली तरी करता यायची नाही, कान लाल व्हायचे. तो पुढं काही झाला नाही. मी थेंब सोडला. बरोबर तेवढाच थेंब होता.

संध्याकाळी जेवताना बायको म्हणाली, "सारखा हात काय बघतोयस? भविष्य सांगायला शिकलास का?"

"काही नाही."

"ऑफिसात काय झालं?"

"प्लेट."

इतक्या वर्षांत प्लेट या उत्तरात तिनं सगळं बसवून घ्यायला शिकून घेतलं आहे: भांडण, पगार, डोकेदुखी. तिनं वाटी पुढं सरकवली. मी ती उजव्या हातानं घेतली, मग उगीचच डाव्या हातानं घेतली, मग दोन्ही हातांनी. सांगावंसं वाटलं. पण सांगायचं काय? दुखत काहीच नव्हतं. डॉक्टरकडे जाऊन काय सांगणार, माझ्या शेंड्यांची साखर कमी झाली आहे? तो म्हणणार, भात सोडा. शिवाय आमच्यात म्हणतातच ना, हात दाखवून अवलक्षण. मी तर पैसे न घेता, वर्षानुवर्षं, कोपऱ्यातल्या मानाच्या जागी बसून हात दाखवत आलो होतो. "सांगायचं असेल तेव्हा सांग," बायको म्हणाली आणि दिव्याकडे पाठ करून ताटं उचलायला लागली. तिच्या पाठीवरून कळलं की मी कधीपासून गप्प आहे हे ती मोजायला लागली आहे.

दुसऱ्या दिवशी छाटलेल्या फांद्यांना चमकणारा रंग लावला, म्हणजे यंत्राला त्या दिसतात, जास्तीचा रंग धुतला, आणि प्लेट यंत्रात सरकवली. छाटलेला कोपरा मी बघितला, शंकासुरानं बघितला, मग मी पुन्हा बघितला. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. रेघ उजवीकडे सरकते ती इतकी हळू की बघणाऱ्याला वाटतं आपणच मागं चाललोय. आधी जुनी नळी. पहिला डोंगर बुटका. हा मी, मनात म्हटलं, हा कधीकाळचा मी, थंडीत ठेवलेला, त्याला काही माहीत नाही. मग माझ्या हातचं रक्त. पहिला डोंगर चढायला लागला, जुन्याच्या उंचीला आला, थांबला नाही.

"अजून माझी यायची आहे," शंकासुर म्हणाला.

त्याची आली. त्यानं एक रेघ उचलून दुसरीवर ठेवली. पडद्यावर एकच रेघ दिसत होती. त्यानं मोठी करून बघितली, आणखी मोठी केली, तरी एकच. त्याला शंका घ्यायला तसूभर जागा नव्हती. तो खुर्चीत मागं टेकला आणि छताकडे बघून म्हणाला, "माझंच चुकलं असेल, यार."

"दोघांचं एकसारखं चुकत नाही."

"चुकू शकतं," तो म्हणाला. मग पडद्यावर पुन्हा नजर टाकून, "नाही चुकत."

मॅडम आल्या. त्यांनी उभ्यानंच बघितलं. "इतकं जुळलेलं मी आजवर बघितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ते त्यांच्या तोंडून सुटून गेलं, खऱ्या आनंदानं, "दोन वेगळ्या माणसांनी केलंय असं वाटतच नाही. तुमचा हात अजून..." त्या थांबल्या. 'अजून' तिथंच, टेबलाच्या वर, लोंबकळत राहिला. आम्ही तिघांनीही त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"म्हणजे काय समजायचं, मॅडम?"

"काही नाही समजायचं. वय असेल. मधे एखादा ताप येऊन गेला असेल. एका रेघेवरून कुणी काही सांगत नाही. आपण निदान करत नाही."

"आपण संशोधनाच्या पेपरात सांगतो."

"पेपरात आपण शेकडो माणसांबद्दल सांगतो," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. "एका माणसाबद्दल नाही सांगत."

खरं होतं. मी तो पेपर स्वतः तपासला होता. त्यात कुणालाच काही झालेलं नव्हतं, फक्त सरासरी हलली होती. मग त्या म्हणाल्या की एखाद्या चांगल्या डॉक्टरला भेटून घ्या, ओळख आहे, चिठ्ठी देते. आणि तितक्याच मऊपणानं, दुसरं प्रमाण रक्त शोधावं लागेल. त्यांनी सवयीनं खोलीभर नजर फिरवली. शंकासुर घसा साफ करून म्हणाला, "मी देतो. दारू बंद करतो हवं तर. पण मला माझ्यावर भरवसा नाही." कुणी हसलं नाही. तो विनोद करत नव्हता.

मी कामावरून थेट ताईकडे गेलो. ती दोन खोल्यांत एकटी असते. दाराला गोल मूठ होती ती काढून आडवा दांडा बसवलाय, कोपरानं दाबला तरी उघडतो. नळांनाही तसेच दांडे. घरभर गोल असं काही उरलेलं नाही. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर उघडं पुस्तक, पानावर वजन म्हणून चष्म्याचं घर.

"छोट्या?" ती म्हणाली. "आज कसा? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सहज आलो."

"सहज तू फोनही करत नाहीस." तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं. "चहा तुझा तू करून घे. मलाही कर."

मी चहा केला. कप तिच्या दोन्ही तळव्यांच्या मध्ये ठेवला, ती तसाच धरते, ओंजळीत पाखरू धरावं तसा. मग मी समोर बसलो आणि कपातल्या सायीकडे बघत राहिलो. मला विचारायचं होतं ते मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. औषधं आणून दिली, तारखा पाळल्या, बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवली. तिच्यासारख्या माणसांच्या रक्ताचे खोकेच्या खोके मी हातावेगळे केले, आणि तिला एकदाही विचारलं नाही.

"ताई, तुला पहिल्यांदा कुठं कळलं गं? म्हणजे अगदी पहिल्यांदा. दुखायच्याही आधी."

"हे कोण विचारतंय?" ती म्हणाली. "तुझी प्रयोगशाळा?"

"नाही."

"मग कोण?"

तिनं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आधी एक तळवा सोडवून, मग दुसरा.

"ये इकडं. खुर्ची ओढ. अशी नाही, गुडघ्याला गुडघा लागू दे. आण हात."

"कुठला?"

"ज्याची भीती वाटतेय तो."

मी उजवा दिला. तिनं तो मांडीवर घेतला, पालथा केला. तिच्या बोटांत जोर नाही, म्हणून तिनं स्वतःच्या मुठीचा उंचवटा माझ्या बोटांच्या मुळांवर एकेक करून टेकवला आणि अंगाचा भार देऊन दाबला. मेणातला दात बसला की नाही हे ती असंच दाबून बघत असणार. तिचा तळवा गरम होता, चहानं.

"करंगळी. दुखतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगू."

"नाही दुखत, ताई."

"हे?"

मधल्या बोटाला नाही म्हणायला मला जरा वेळ लागला. खिडकीखालून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी सैल होती. ताईनं मान वर केली नाही. पुढच्या बोटावर ती गेली नाही. तिनं तेच बोट आपल्या कललेल्या बोटांत घेतलं, जमेल तसं, आणि धरून ठेवलं.